सदतीस धरून

४ नोव्हेंबर

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी पेन्सिलीने लिहायचे. आता पेनाने लिहिते आणि घाईत लिहिते, त्यामुळे अक्षरावरून ओळख पटायची नाही. मी तुमची मुलगी. तुम्हाला एकच मुलगी आहे असं मी आजवर समजत होते. पत्र लिहायचं कारण तेच. एकच आहे ना?

वर 'बाबा' लिहावं की तसंच सुरू करावं यात दोन कागद वाया गेले. शिवाय लहानपणी मी तुम्हाला 'तू' म्हणायचे की 'तुम्ही', तेही आठवेना. आईला विचारायची सोय नव्हती. पत्ता आत्याने दिला. ती म्हणाली, "फोन तो उचलत नाही. पत्र वाचतो. पण उत्तराची वाट बघू नकोस, माझ्याही पत्राला देत नाही." तर मला तुमची खुशाली नको आहे, फक्त माहिती हवी आहे.

मी इथल्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. गणित आणि संख्याशास्त्र. लगेच खूश होऊ नका, विषय तुमच्यामुळे घेतलेला नाही. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ऐकणारे हसतात. विद्यापीठ अवाढव्य आहे. आमच्या एकेका तासाला सहाशे जण असतात, पायऱ्यापायऱ्यांच्या हॉलमध्ये, जिथे खुर्चीची फळी उघडली की शेजारच्याच्या कोपराला लागते. मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून दोन्ही भिंतींवर पडदे लावलेत. सरांना आमची नावं ठाऊक नाहीत, आम्हाला एकमेकांची नाहीत. मला हे फार मानवलं होतं. तुझे वडील काय करतात, असं इथे कोणी विचारत नाही.

तर झालं असं. सहामाहीचा पेपर घेणाऱ्या सरांचा हट्ट असतो की कॅल्क्युलेटर आणायचा नाही, सगळं हाताने. आम्ही त्यांना शक्यतावाले म्हणतो. ते शिकवतात शक्यता, आणि दर दोन वाक्यांनंतर 'शक्यता आहे' म्हणतात. प्रश्न सोपा होता. एका कारखान्यातल्या पाकिटांची वजनं दिलेली, सगळी शंभर ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. त्यांची सरासरी काढा आणि वजनं त्या सरासरीपासून किती पसरली आहेत ते काढा.

मागच्या आठवड्यात परीक्षा विभागातून बोलावणं आलं. लांब टेबलावर दोन उत्तरपत्रिका उघडून ठेवल्या होत्या, नावांवर कागद चिकटवलेला. तिथल्या बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "यातली तुमची कुठली?"

मी एक उचलली. ती माझी नव्हती.

अक्षर वेगळं होतं, बाबा. पण मी अक्षर बघितलंच नाही, मी मांडणी बघितली. शंभराच्या आसपासच्या आकड्यांसाठी कोणीही शहाणा माणूस शंभर धरेल. प्रत्येक आकड्यातून शंभर वजा करायचे, उरलेल्या चिल्लर आकड्यांची सरासरी काढायची, शेवटी शंभर परत मिळवायचे. गृहीतमध्य म्हणतात, शाळेतली गोष्ट. त्या कागदावर सदतीस धरले होते. शंभराच्या पाकिटांना सदतीस! आणि राउंड करताना पाच आला की तो सोडून दिलेला. सगळं जग पाचाला वर ढकलतं. तुम्ही सोडून द्यायचात. "पाच मधला आहे, तो कोणाचाच नाही, त्याला आपल्याकडे ओढायचं नाही." हे तुम्हीच म्हणायचात ना? की मी आपली मनाने तुमच्या तोंडी घातलंय? तर दोन्ही कागदांवर उत्तर एकच, आणि सारखंच चुकलेलं.

सदतीस फक्त आपल्या घरात आहे असं मला वाटायचं.

शक्यतावाल्यांनी हिशेब मांडून दिलाय. नेमका सदतीस धरण्याची शक्यता इतकी, एकेक पाच सोडण्याची इतकी, सगळ्यांचा गुणाकार केला की दोघींनी आपापल्या डोक्याने हे लिहिण्याची शक्यता अब्जांत एक. म्हणजे एकीने दुसरीचं बघितलं. त्यात मी तिचा कागद माझा म्हणून उचलला, म्हणजे उरलीसुरली शंकाही मीच मिटवली. अठ्ठावीसला समितीपुढे सुनावणी आहे. दोषी ठरलो तर दोघींचं वर्ष जाणार, हॉस्टेलची खोली जाणार, आणि मार्कशीटवर शेरा बसणार तो कायमचा.

दुसऱ्या मुलीला माझ्यानंतर आत बोलावलं, तेव्हा ती कोण ते कळलं. माझ्या पुढे दोन रांगा सोडून खिडकीशी बसते. मी मनात तिला खिडकीवाली म्हणते. तिचं नाक माझ्यासारखं नाही, हे मी नीट बघून घेतलंय. पण नाक काय, आईकडूनही येतं. म्हणून सरळ विचारते. ती तुमची कोण?


११ नोव्हेंबर

बाबा,

उत्तर नाही. आत्याचा शब्द खरा ठरला. मग मीच तिला गाठलं, हॉस्टेलच्या कपडे धुवायच्या खोलीत. तिथे चार मशीन आहेत आणि त्यातली दोनच चालतात, त्यामुळे माणूस अर्धा तास तरी पळून जात नाही.

"तू सदतीस कुठून आणलास?" मी आल्या आल्या विचारलं.

"मी तेच तुला विचारणार होते," ती म्हणाली. "माझं बघून लिहिलंस ना?"

"मी? तू माझं बघितलंस."

"मी तुझ्या पुढे बसते. माझ्या मानेला डोळे आहेत का?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. ती बादलीवर बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली, कारण तिलाही कोणाशी तरी बोलायचंच होतं. तिचं गाव आडबाजूला आहे. तिथे एक सर एका दुकानावरच्या खोलीत क्लास घेतात. ती सहा वर्षं त्यांच्याकडे शिकली. तिच्याआधी तिच्या घरातलं कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. सर उभ्यानेच चहा पितात, खडू कानावर ठेवतात आणि मग तो शोधत बसतात. मुलं सांगत नाहीत.

तुम्ही कानावर खडू ठेवता हे मला माहीत नव्हतं. आपल्या घरी खडू नव्हताच.

"पण सदतीसच का?" मी विचारलं. मला वाटतं, माझा आवाज बरा होता.

"तो सरांच्या मुलीचा आकडा. ती सात वर्षांची असताना सर तिला म्हणाले, कुठलाही एक आकडा धर. तिने सदतीस धरला. सर म्हणाले, अगं अवघड जाईल, दहा धर. तर ती म्हणते, तुम्हीच म्हणालात ना कुठलाही? मग सरांनी पूर्ण उदाहरण सदतीस धरून सोडवलं आणि उत्तर बरोबर आलं. तेव्हापासून ते तोच धरतात. म्हणतात, धरताना काहीही धरा, शेवटी परत मिळवायला विसरू नका."

म्हणजे मी 'तुम्ही' म्हणायचे. एक प्रश्न सुटला. बाकीचं मला काहीच आठवत नाही, आणि एका परक्या मुलीला ते पाठ आहे.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "बिचारी लहानपणीच गेली."

"कोण?"

"सरांची मुलगी."

"हे सरांनी सांगितलं?"

"छे, ते कशाला सांगतील. पण तिच्या गोष्टी सांगायचे त्या सगळ्या ती सात-आठ वर्षांची असतानाच्या. पुढे ती कधी मोठी झालीच नाही. आम्ही समजून घेतलं. त्यांना विचारायचं नाही, असं आम्हा मुलांचं ठरलेलं होतं."

"ती जिवंत आहे," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"मीच आहे."

ती हसली. मग हसायची थांबली. मग तिने माझं नाक बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई." तेवढ्यात मशीन थांबलं. कपडे काढताना तिने माझेही काढून दिले.

मी खोलीवर आले. मला आनंद झालाय की संताप आलाय, हे अजून ठरत नाही. तुम्ही मला विसरला नव्हता, ही चांगली गोष्ट आहे असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, दहा वर्षांत मला एक ओळ लिहायला हात उचलला नाही, आणि माझा आकडा मात्र गावभर वाटला! तुमच्या त्या दुकानावरच्या खोलीत मी मेलेली आहे, बाबा. मुलं माझ्यासाठी हळहळतात. तुमच्या कधी लक्षातही आलं नाही?

ते राहू द्या. समितीला चार ओळी लिहा की आम्हा दोघींना तुम्ही शिकवलंय. तेवढं तरी कराल?


२० नोव्हेंबर

बाबा,

तुमचं निवेदन विभागात पोचलं. आम्हा दोघींना त्याची प्रत मिळाली. "या दोन्ही विद्यार्थिनींना मी गणित शिकवले आहे. सदतीस हा गृहीतमध्य आणि पाच सोडण्याची रीत माझी आहे. रीत चुकीची असल्यास दोष माझा आहे, त्यांचा नाही." खाली सही. खिडकीवाली ते वाचून रडली. मी तीनदा वाचलं. 'विद्यार्थिनी'.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने वेगळं पाकीट आलं. मी ते जिन्यातच फोडलं. आत चतकोर कागद. "वडिलांची साक्ष कोणी धरत नाही, शिक्षकाची धरतात. विचारलं तर शिक्षक सांग." बस. वर नाव नाही, खाली 'तुझा' नाही, कशी आहेस नाही. मला चालेल असं नेमकं काय लिहायला हवं होतं, असं तुम्ही विचारलंत तर मला सांगता येणार नाही. पण हे नव्हे.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, हेच तर वाईट आहे. मी समितीत असते तर मीही वडिलांचं निवेदन बाजूला ठेवलं असतं. पण तुम्ही हे आमच्या दोघींच्या भल्यासाठी केलंत, की तुम्हाला हे लिहिणं सोपं गेलं म्हणून? दोन्हीची चिठ्ठी सारखीच दिसेल ना?

आईचा फोन आला होता. ती अजून त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, आता तिच्या हाताखाली दोघीजणी आहेत. म्हणाली, "आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, सर्दी. तिला यातलं काहीही माहीत नाही. मग मी विचारलं, बाबा गेले कशामुळे? असं मी आजवर कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "एका सत्रापुरती नोकरी म्हणून गेले. सुट्टीत येतो म्हणाले. मग पुढच्या सुट्टीत येतो म्हणाले. भांडून गेले असते तर मी जाऊन भांडण तरी मिटवलं असतं गं." आणि लगेच, "गोळी घे सर्दीची."

मला वाटायचं मोठ्यांना माहीत असतं आणि ते सांगत नाहीत. तिलाही माहीत नाही.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम कळवते. इथे आमच्या ट्यूटोरियलला एक ताई येते, स्वतः पीएचडी करते. माझा पेपर बघून तिने कपाळावर हात मारला. आता ती मला रोज संध्याकाळी बसवून उदाहरणं करून घेते. डोळ्यांसमोरचा सोयीचा आकडा धरायचा. पाच आला की वर. आकडे तक्त्यात, बेरीज वरून खाली, हातचे डोक्यात. पहिले काही दिवस हात ऐकेना, लिहून झाल्यावर बघते तर पुन्हा सदतीस. आता ऐकतो. वेळही अर्धा लागतो. तुमची रीत माझ्या हातातून गेली, बाबा. तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच लिहिते आहे.


२८ नोव्हेंबर

बाबा,

सुनावणी झाली. क्रमाने सांगायचा प्रयत्न करते, पण डोकं ठिकाणावर नाही.

खोली प्रशासकीय इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. समोर अध्यक्षबाई, त्यांच्या एका बाजूला शक्यतावाले, दुसऱ्या बाजूला परीक्षा विभागातल्या त्याच बाई. पंखा इतका जोरात की कागदांवर पेले ठेवले होते. शक्यतावाल्यांनी त्यांचा गुणाकार वाचून दाखवला. अब्जांत एक. मला का कोण जाणे हिंमत आली. म्हटलं, "सर, गुणाकार कधी करायचा? दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसेल तेव्हाच ना? पहिल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत."

ते लाल झाले. वाटलं, आता संपलं. पण माणूस सरळ निघाला. कागद खाली ठेवून म्हणाले, "संबंध असण्याची शक्यता मी धरलीच नाही." आणि स्वतःशीच मान हलवत राहिले. विद्यार्थ्यांच्या पेपरात याच चुकीला ते पूर्ण मार्क कापतात.

अध्यक्षबाईंनी तुमचं निवेदन वाचलं. खिडकीवालीने क्लासमधला फोटो दाखवला, मागे फळ्याशी तुम्ही. मी तो पहिल्यांदाच बघितला. केस गेले की तुमचे. सगळं आमच्या बाजूने वळत होतं. मग बाई मला म्हणाल्या, "ह्या त्या गावच्या आहेत. तुम्ही तर तिकडच्या नाही. तुम्ही यांच्याकडे कधी शिकलात?"

"लहानपणी. दहा वर्षांची होईपर्यंत."

"कुठे?"

"घरी."

"म्हणजे हे घरी येऊन शिकवायचे?"

इथे नुसतं 'हो' म्हणायचं होतं, बाबा. तेवढंच. तुमची चिठ्ठी माझ्या खिशात होती. खिडकीवाली माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणाले, "घरी येत नव्हते, घरीच राहायचे. माझे वडील आहेत."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे त्यांनी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि तुमचा कागद त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला.

आम्हाला बाहेर बसवलं. खिडकीवाली माझ्याकडे बघत नव्हती. मग एकदम वळली. "एक 'हो' म्हणायला काय गेलं असतं तुझं? तुझ्या घरचे तुला पुन्हा पाठवतील. माझे नाही पाठवणार. वर्ष गेलं म्हणून कळलं की काका उद्या येऊन सामान उचलतील. सरांनी सांगितलं होतं ना तुला?"

तिचं सगळं बरोबर होतं. मी का बोलले ते मला अजून कळलेलं नाही. खरं बोलायचं म्हणून नाही. मी काही एवढी खरं बोलणारी नाही, आईला सर्दी सांगितली मी. एवढंच जाणवलं की तिथेही मी तुमची मुलगी नाही असं होऊ दिलं असतं तर मग मी कुठेच उरले नसते, ना तुमच्या गावात, ना इथे.

थोड्या वेळाने शक्यतावाले स्वतः बाहेर आले. म्हणाले, प्रयोग पुन्हा करू. दोघींना दोन वेगळ्या खोल्या, नवे आकडे, वेळ थोडा. "सदतीस आणि पाच मी बघणारच नाही. ते ठरवून करता येतं. मी बाकीचं बघणार. काय बघणार ते सांगणार नाही." दोघी खरंच एका हाताखाली शिकल्या असतील तर ते दिसेल, आणि नसेल दिसत तर तेही दिसेल, असं काहीतरी म्हणाले.

आम्ही दोघींनी सोडवलं. निकाल मंगळवारी. अजून एक सांगायचं आहे, पण आज लिहवत नाही.


३ डिसेंबर

बाबा,

आम्ही सुटलो. शेरा नाही, वर्ष नाही जाणार. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापलेले आहेत ते कापलेलेच राहतील, आणि ते योग्यच आहे.

शक्यतावाल्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून अध्यक्षबाईंना दाखवले. फार खुशीत होते. "हे बघा. दोघी बेरीज तळापासून वर करतात. दोघी हातचा उजवीकडे गोलात लिहितात. वजा आलेले आकडे दोघी वेगळे काढून मागून लिहितात. ताळा करून झाला की दोघी त्याखाली छोटी आडवी रेघ मारतात. हे कोण ठरवून करेल? हे आपण करतो असं त्यांना स्वतःलाही माहीत नसणार." बाईंनी सही केली. खिडकीवालीने मला कॉरिडॉरमध्येच मिठी मारली आणि म्हणाली, "बरं झालं तू सांगितलंस ते. आता सर माझेही आणि तुझेही." ती आजच तुम्हाला पत्र लिहिणार आहे. त्यात काय असेल ते असो, हे त्यात नसेल, कारण हे तिला मी सांगितलेलं नाही.

मी ठरवून केलं.

त्या खोलीत आकडे पुढ्यात आले आणि मी खाली मान घालून सोडवायला लागले. झालं तेव्हा अर्धा वेळ उरला होता. बघते तर सगळं ताईचं. तक्ता, वरून खाली बेरीज, हातचा कुठे लिहिलेलाच नाही, पाच वर ढकललेला. सदतीस कुठेही नाही. स्वच्छ, बरोबर उत्तर. हा कागद दिला असता तर त्याचा अर्थ एकच निघाला असता, की मी तुमच्याकडे कधी शिकलेच नाही आणि पेपरात खिडकीवालीचं बघितलं. मी जे खरं बोलले तेच खोटं ठरलं असतं, आणि माझ्यापायी तिचंही वर्ष गेलं असतं.

पहाऱ्यावरच्या बाईंकडून मी दुसरा कागद मागून घेतला. पण शक्यतावाले काय बघणार ते माहीत नव्हतं. नुसते सदतीस धरून भागणार नव्हतं. मग मी डोळे मिटले आणि तुम्हाला आठवायला बसले. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पुसायचं फडकं, तुमचा हात. तुम्ही बेरीज तळापासून वर करत जायचात, कारण तुम्ही म्हणायचात की खाली बसलेल्यांना आधी विचारायचं असतं. हातचा गोलात. उजवीकडे. रेघ कशी मारायचात ते काही केल्या आठवेना, मग एकदम आठवली, आणि मला त्या परक्या खोलीत रडू आलं. मी दहा वर्षांत तुम्हाला इतकं जवळून बघितलं नव्हतं. रडता रडता मी एकेक गोष्ट जशीच्या तशी उतरवत गेले. सगळी लबाडी होती आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. याला काय म्हणायचं ते मला समजत नाही. शक्यतावाल्यांना विचारावं असं सारखं वाटतं, पण त्यांनाच विचारता येत नाही.

खिडकीवालीने तिच्या खोलीत काहीही आठवलं नसेल. तिने नुसतं सोडवलं असेल. तुमची रीत तिच्या हातात आहे. माझ्या हातात ती नव्हती, मीच घालवली होती, तुम्हाला दुखवायला. आणि आपण तुमची मुलगी आहोत हे मला आठवून आठवून करून दाखवावं लागलं.

पहिला कागद मी घडी करून बाहीत लपवून आणला. तो मला इथे ठेववत नाही आणि फाडवतही नाही, म्हणून या पत्रासोबत पाठवते आहे. तो कोणाच्या हाती लागला तर आम्हा दोघींचं वर्ष जाईल, तेव्हा जपून. त्यात तुमचं काहीच नाही, सगळं माझं आहे. बरोबर असावं असं वाटतं. तुम्ही तपासा आणि परत पाठवा.